मधला जोड

नवरा अपघातात गेला, विजेवर चालणाऱ्या त्याच्या गाडीचा चेंदामेंदा झाला, पण बॅटरी धडधाकट राहिली. तिने ती घराच्या पुढच्या खोलीत बसवली आणि तिच्यावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं चाक चालवू लागली. सासू-सुनेच्या पोटाची सोय होतेय, तोच एका सकाळी दीर पाना घेऊन दारात उभा राहिला.

"भावाची बॅटरी आहे. नेतोय."

"भाऊजी, थांबा. आधी मला मधला जोड सोडवून वीज तोडू द्या, नाहीतर भडका उडेल."

"मला अक्कल शिकवतेस?" त्याने तिच्या कानाखाली जाळ काढला. तरी ती आडवी आली, तेव्हा पाना तोंडावर बसला. ओठ फाटला.

मग तो बॅटरीवर वाकला. लांब पान्याचं दुसरं टोक शेजारच्या उघड्या तारेला टेकणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. या वेळी ती गप्प राहिली.

डोळे दिपवणारा लोळ उठला. हात भाजला, चेहरा भाजला, तो गुरासारखा ओरडू लागला. तिनेच त्याला ओढत बाहेर आणलं. गल्ली गोळा झाली.

"अगं, त्याला सावध करायचं नाही का?" कुणीतरी विचारलं. सासूने मात्र उंबऱ्यातून सगळं पाहिलं होतं.

"केलं की! शेवटपर्यंत ओरडून सांगत होती बिचारी," सासू म्हणाली आणि ओल्या फडक्याने सुनेचा ओठ पुसू लागली. एकाच हाताने. दुसरा, याच लेकाने मागच्या खेपेला मोडलेला, अजून प्लास्टरमध्ये होता.