स्कूटरची केबल

पाच वाजता पेंटर त्याच्या पोरीसाठी घेतलेली गाडी न्यायला येणार होता आणि गाडीला अजून पुढचं चाक बसायचं होतं.

मिस्त्री अंगणात उकिडवा बसून नट आवळत होता. लहान मुलांनी मातीत उडवायची ती मोटरसायकल. आता तिच्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं फारसं उरलं नव्हतं. शॉकअप भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे, चाक तिसरीचं, टाकी चौथीची. वर्षभरापूर्वी मैदानातल्या डाव्या वळणावर ती मातीच्या बांधावर आदळली, तेव्हा जे मोडलं तेवढं त्याने बदललं. जे मोडलं नव्हतं ते तसंच ठेवलं.

मोडलं त्यात मुलीचं मांडीचं हाडही होतं. त्यात आता सळई होती.

तेव्हापासून मिस्त्रीला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. सकाळी पाना निसटून बोट सोललं, तेही टाकीवर रक्त ठिबकलं तेव्हा कळलं. त्याने टाकी पुसली. बोट तसंच राहिलं.

"झाली का नाही अजून?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने विचारलं. "एकदाची ही ब्याद दारातून जाऊ दे."

"होतेय."

"आणि त्या पेंटरला सांगा, म्हणावं पोरीला आधी नीट शिकवा. आमच्या बाईसाहेबांसारखी रेस पिळत सुटली तर..." पुढचा राग तिने भांड्यांवर काढला.

बाईसाहेब पायरीवर बसल्या होत्या. वय तेरा, काठी मांडीवर आडवी. तिने मानही वर केली नाही. वर्षभर दिवसातून एकदा तरी हे ऐकावं लागायचंच. चूक तिचीच होती. दवाखान्यात शुद्धीवर आल्याआल्या तिने स्वतःच सांगितलं होतं, "माझ्याकडून रेस जास्त पिळली गेली." मिस्त्रीही आल्यागेल्याला तेच सांगत आला होता. गाडीत काही खोट नव्हती हो, गाडी मी स्वतः बांधली होती.

चाक बसलं. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. मिस्त्रीने नेहमीसारखं बाजूला उभं राहून रेस दिली, सोडली. आवाज खणखणीत होता. गाडी इतकी बुटकी की तिच्यावर बसून बघणं त्याला कधी जमलंच नव्हतं. बांधायची त्याने आणि चालवून बघायची मुलीने, असा त्या दोघांचा कारभार होता.

आता एकच काम उरलं होतं. शॉकअप परके, तेव्हा हॅण्डल पूर्ण वळवल्यावर ते टाकीला घासतात का, एवढं बघायचं. त्याने इंजिन चालूच ठेवलं आणि हॅण्डलचा मधला दांडा धरून ते उजवीकडे वळवलं. घासत नव्हतं. मग डावीकडे वळवलं.

इंजिन किंचाळलं.

रेसला त्याने हातही लावला नव्हता. हॅण्डल सरळ केलं, आवाज खाली बसला. पुन्हा डावीकडे नेलं. पुन्हा तेच.

त्याने वाकून पाहिलं. रेसची केबल तारेसारखी ताठ झाली होती. अपघाताच्या महिनाभर आधी एका मोडक्या स्कूटरची काढून त्यानेच ती बसवली होती. चार बोटं आखूड होती, पण ओढूनताणून बसली. हॅण्डल सरळ असताना तिचं काही अडत नव्हतं. ते डावीकडे गेलं की मात्र केबल आपली आपण रेस ओढत होती.

मिस्त्रीने इंजिन बंद केलं आणि तसाच उभा राहिला. आतून काहीतरी उसळून वर यायला हवं होतं. काही आलं नाही.

"अशीच ओरडायची ती," मुलगी म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. डावं वळण आलं की मी आधीच क्लच दाबून ठेवायचे. त्या दिवशी उशीर झाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

मुलीने काठीचं टोक जमिनीवर घासलं. "तू सगळ्यांना ती केबल दाखवत होतास, बाबा. फुकटात काम भागवलं म्हणून. शेजारच्या काकांना तर दोनदा दाखवलीस."



"अहो, कोण एवढी रेस देत होतं?" खिडकीतून आवाज आला. "एकीचा पाय मोडला तेवढा पुरे नाही झाला का?"

मुलगी घाईघाईने पुढे वाकली. "आईला नको सांगूस," ती हळूच म्हणाली. "ती तुला सुखाने दोन घास खाऊ द्यायची नाही. मला काय, ऐकून घ्यायची सवय झालीय."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघत होता, कोण जाणे. मग वळून त्याने किक मारली. इंजिन पहिल्याच किकला सुरू झालं.

"अगं, जरा बाहेर ये," त्याने हाक मारली.

बायको पदराला हात पुसत आली. "आता काय?"

त्याने बाजूला सरून तिला जागा करून दिली.

"हे हॅण्डल धर," तो म्हणाला. "आणि डावीकडे वळव."