जुळ्यातली कालवड

छकुलीच्या सासूबाईंचा फोन आटपेपर्यंत गुरांचे डॉक्टर संदेश कालवडीच्या तपासणीचा कागद हातात धरून गोठ्यात थांबले.

कुशाबाईंना कमी ऐकू येई, म्हणून फोन कायम स्पीकरवर. जळोचीची त्यांची बहीण भागूबाई रोज फोन करी आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, युवराज जेवला का? "मावशीचा जीव भाच्यात अडकलाय," म्हणून छकुली नवऱ्याला चिडवायची. आज तिला हसू आलं नाही.

कालवड तिला माहेरच्या आंदणात मिळाली होती. आली तेव्हा दोन महिन्यांची. आता तीन वर्षांची झाली, तरी एकदाही माजावर आली नव्हती. छकुलीचीही कूस अजून रिकामीच होती. काटेवाडीतल्या बायका दोघींचं नाव एका दमात घेत, आणि ते तिच्या जिव्हारी लागे.

"हिच्या रक्तात नराच्या पेशी सापडल्यात," डॉक्टर म्हणाले. "हिच्यासोबत गोऱ्हा जन्मला होता का?"

"व्हय. जुळं होतं," छकुली म्हणाली. "गोऱ्हा बाबांनी ठिवून घेतला."

"मग तेच कारण. पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या, रक्त एकमेकांत मिसळलं. अशा कालवडीचं गर्भाशय नीट वाढतच नाही. ही कधी गाभण राहणार नाही."

सासरे जोतीराम इतका वेळ कालवडीकडे बघत होते. आता त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"तू आन अविराज बी जुळंच की."

अविराज छकुलीचा भाऊ, तिच्यापेक्षा घटकाभरानं मोठा.

"आबा, माणसांत असं होत नसतं," डॉक्टर घाईनं म्हणाले.

"रगत ते रगतच, डॉक्टर. बाजारादिवशी कालवड जाईल. आन हिच्या बापाला फोन लावा. न्यायला ये म्हनावं."

कुशाबाईंनी शेणाची पाटी खाली ठेवली.

"मी बी जुळ्यातलीच हाय. कन्हेरीचा दादा आन मी एकाच दिशी जन्मलो. मग आपला युवराज काय आभाळातनं पडला?"

जोतीरामांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग टोपी झटकून ते उसाकडे निघून गेले. पुन्हा बाजाराचं नाव त्यांनी काढलं नाही.

"डोळं पूस," कुशाबाई म्हणाल्या. "कालवड बी न्हाय जायाची आन तू बी न्हाय. समदं हुतं वेळंवर. मला न्हाय का झालं?"

छकुलीला सासूच्या पाया पडावंसं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली. दुपारी ती दोन भाकरी जेवली.

दिवस कलताना ती कालवडीसाठी पाण्याची बादली घेऊन निघाली. गोठ्यामागं कुशाबाई फोनवर बोलत होत्या.

"भागू, छकुलीनं कधी इचारलंच, तर युवराज माझ्याच पोटचा म्हनून सांगायचं."

स्पीकरवरून मावशीचा आवाज आला.

"तेच तर सांगत आले की, आक्का. जेवलं का माझं लेकरू?"