येऊ दे, येऊ दे

बंद पडलेल्या गाड्या ओढायला केवढी क्रेन घ्यायची, यावरून दादाचं आणि माझं फाटलं. दादा म्हणाला, "लहान घेऊ, गल्लीबोळात शिरते." मी म्हणालो, "त्या खेळण्याने कंटेनर ओढणार का?" शेवटी त्याने लहान घेतली आणि कर्वेनगरात वेगळा धंदा मांडला. बोलणं बंद, घरी येणंही बंद. क्रेन ओवाळून घ्यायलासुद्धा आला नाही.

मी हायवेसाठी मोठी घेतली. आई म्हणाली, "दारात ववाळल्याबिगर गाडी कामाला न्यायची नाय." वारज्यातली आमची गल्ली म्हणजे दोन भिंतींमधली फट. आरसे मिटून मी गाडी आत घातली. आई पूजेचं ताट घेऊन समोर उभी होती आणि मोकळ्या हाताने मला बोलावत होती, "येऊ दे, येऊ दे. बसतीय."

बसली. गाडी पुढे जाईना, मागे येईना. दोन्ही दारं भिंतींना टेकलेली, त्यामुळे मी केबिनमध्येच कोंडला गेलो. मला ओढून काढायला दुसरी मोठी क्रेन या फटीत येणार कुठून? काचेपलीकडून आई शांतपणे म्हणाली, "दादाला फोन लाव."

दुसरा इलाज नव्हता, लावला. तासाभराने मागून त्याच्या क्रेनचा आवाज आला. मग साखळीचा खणखणाट झाला; दादा ती माझ्या गाडीला अडकवत होता.

मी समोर पाहिलं. आईच्या ताटात नारळ दोन होते.