मधली ओळ

चार वर्षांच्या लेकीनं सकाळपासून नुसता वात आणला होता. स्वतःच रचलेलं एकच गाणं! "बटण निघालं फिरायला..." म्हणायचं, कपाटाकडे बघत थांबायचं आणि मग, "...तिथंच झोपून गेलं!"

शिलाई मशीनवर माझा दोरा तिसऱ्यांदा तुटला. "अगं, मधली ओळ कुठाय? डोकं उठलं माझं!"

"ती माझी नाहीये, आई."

वैतागून मीच ठोकून दिली, "फिरता फिरता खिशात शिरलं! झालं समाधान?"

तिचा चेहरा रडवेला झाला. "आता रोज तुलाच म्हणावी लागणार."

तिला बालवाडीत सोडून आले, दार लावलं, पुन्हा कामाला बसले.

बंद कपाटातून कुणीतरी हळूच गायलं, "बटण निघालं फिरायला..."

आणि माझ्यासाठी थांबलं.