फक्त एक एंटर

दसऱ्याची सुट्टी म्हणून शर्वाणीने आजच रक्तपेढीचा सर्व्हर अपग्रेडला घेतला होता. ती पुण्यात, सर्व्हर तीनशे किलोमीटरवर. रीस्टार्टसाठी तो बंद झाला, पण परत सुरू होईना. ती एंटरवर एंटर बडवत राहिली.

शेवटी तिने तिथल्या शिपायाला, डोईफोडेमामांना, फोन लावला.

"स्क्रीनवर विचारतंय, पुढं जायचं का म्हणून," मामा म्हणाले. "आणि मॅडम, इथं दारात एक माणूस रडकुंडीला आलाय. बायकोचा रक्तगट लई दुर्मिळ. दात्यांचे फोन नंबर ह्याच्यातच हायेत ना?"

"मामा, फक्त एंटर दाबा. लगेच."

"पूजा केल्यावर आज यंत्राला हात लावत नसतेत. पण जिवापुढं कसलं काय!" झेंडूचा हार बाजूला सारल्याची सळसळ ऐकू आली. मग खण उघडझाप केल्याचे आवाज आले.

"मॅडम, कीबोर्ड कुठाय? कोणी चुकून काही दाबू नये म्हणून तुम्हीच नेला की मागच्या खेपेला. दुसरा आणावा तर बाकी खोल्यांना कुलपं घालून साहेब गावाला गेलेत."

शर्वाणीने खाली पाहिलं. ज्या कीबोर्डवर तिची बोटं होती, त्याच्या कडेला पांढऱ्या रंगात रक्तपेढीचं नाव लिहिलेलं होतं.