डागांतला सण

रंगांचा सण झाला की लाँड्रीवाली अक्का डागांवरून घराघरांची रीत ओळखायची. साडी-धोतराचे काठ गुलाबी, म्हणजे तिथे थोरांच्या पायांवर रंग वाहतात. सदऱ्याच्या पाठीवर निळे पट्टे, म्हणजे तिथे वहिन्या दिरांना ओल्या फडक्यानं बडवतात. एकट्या राहणाऱ्या मास्तरांचा सदरा मात्र दरवर्षी पांढराफेक.

यंदा त्यावर दोन लाल पंजे!

"काय मास्तर, कुणी गाठलं?"

"ऐकतच नव्हते हो कुणी, अक्का!" मास्तर खुलून म्हणाले आणि निघाले.

पंजे छातीवर होते, बोटं एकमेकांकडे वळलेली. अक्कानं नवलानं आपलेच हात छातीवर टेकवले. बोटं अगदी तशीच समोरासमोर आली. पंजे मास्तरांचेच होते.

ती दाराशी धावली. "अहो मास्तर, आमच्याकडे रंग पाचव्या दिवशी खेळतात. परवा पांढरंच घालून बसा, आम्ही सगळे येतोय!"