डाळीएवढी चिप

मिक्सर अचानक बंद पडला, तेव्हा इंदुमती मगदूमने कायद्याप्रमाणे तो कंपनीला परत केला नाही. तिने खिडक्या लावून घेतल्या आणि सासऱ्यांनी माळ्यावर लपवून ठेवलेला स्क्रूड्रायव्हर काढला.

आत सगळं धडधाकट होतं. फक्त डाळीएवढी एक चिप होती आणि तिच्यावर ‘के-सात’ असं लिहून आजची तारीख घातली होती. इंदुमतीने ती चिमट्याने उपटली, तसा मिक्सर घरघरू लागला.

“अहो, बघा! काही बिघडलंच नव्हतं. ठरल्या तारखेला बंद पडायला सांगून ठेवलं होतं त्याला!”

तिचा नवरा दिनकर हसत आला. चिपवरची अक्षरं वाचून त्याचा हात छातीकडे गेला.

“इंदू, माझ्या हृदयातलं यंत्र याच कंपनीचं आहे.”

तिने कपाटातून दवाखान्याची फाईल ओढली. यंत्राच्या भागांच्या यादीत शेवटी ‘के-सात’ होतं आणि त्यापुढे पुढच्या महिन्याची नऊ तारीख.

ते यंत्र बसवणाऱ्या डॉक्टर पाटणकरांना तिने फोनवर सगळं सांगितलं.

“वहिनी, कंपनीची वस्तू उघडणं गुन्हा आहे,” ते हळूच म्हणाले. “उद्या सकाळी त्यांना उपाशीपोटी घेऊन या.”